टिळकांच्या घरातला नवा करार



संकटात माणसाला शांती कोठून मिळते आणि धैर्य कोठून येते, हा प्रश्न काही नवा नाही. आपल्या खानदेशात तर त्याचे उत्तर शोधणाऱ्यांची परंपराच आहे. तापीकाठी मुक्ताईचे स्थान आहे. येथून जवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई, तिने तो प्रश्न जात्यावर बसून आपल्या परीने सोडविला. आणि खुद्द नशिराबादेत झिपरू अण्णांच्या समाधीपुढे डोके टेकणाऱ्याच्या मनात आजही दुसरे काय असते? मी आज जे उत्तर आपल्यापुढे मांडणार आहे ते कदाचित थोडे परके वाटेल, कारण ते ख्रिस्ती शास्त्रातले आहे. परंतु ज्या दोन माणसांच्या आयुष्यातून ते मांडावयाचे आहे, ती मुळीच परकी नाहीत. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता ज्यांनी शाळेत पाठ केली, त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळक ठाऊक आहेत. आणि ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी एकदा हाती घेतले, त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ओळख करून देण्याचे कारण नाही. या दांपत्याचा आपल्या जळगावाशी आणि आपल्या शेजारच्या भादलीशीही एक संबंध आहे. त्याकडे मी पुढे येईन.

धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद मला येथे करावयाचा नाही. तो करण्यास दुसरी व्यासपीठे आहेत, आणि तो तेथे पुष्कळ झालेला आहे. मला पाहावयाचे आहे ते इतकेच, की एक पुस्तक एका घरात शिरले आणि त्या घरावर एकामागून एक आपत्ती आल्या, तेव्हा त्या पुस्तकाने त्या माणसांना काय दिले आणि त्यांच्यापासून काय घेतले.

गोष्ट १८९३ सालची. टिळकांचे वय तेव्हा तिशीच्या थोडे पुढे. संस्कृताचे चांगले जाणकार, कवी, वक्ते. पण एका जागी टिकावयाचे नाही हा स्वभाव. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले होते. तेथून राजनांदगावच्या संस्थानात कामाच्या शोधात ते आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. गोरा माणूस आणि नेटिव प्रवासी यांच्यात त्या काळी जे व्हावयाचे ते न होता या गृहस्थांनी टिळकांना आदराने जागा दिली, काव्याविषयी बोलणे काढले आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हातावर ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले म्हणतात. हे गृहस्थ मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होत, असा उलगडा पुढे झाला. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते श्रद्धेने नव्हे. दिलेला शब्द पाळावा म्हणून, खुणा करीत, चिकित्सेने ते वाचीत होते. ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून पुढे जाईनात.

हे प्रवचन म्हणजे मत्तयाचे पाचवा, सहावा व सातवा असे तीनच अध्याय. ऐकणारे कोण होते ते ध्यानात घ्या. गालील प्रांतातले कोळी, शेतकरी, मजूर. डोक्यावर रोमचे साम्राज्य, त्याच्याखाली मांडलिक हेरोद, त्याच्याखाली जकातदार. अशा लोकांपुढे येशू उभा राहिला आणि त्याने धन्य कोणाला म्हटले? दीनांना, शोक करणाऱ्यांना, न्यायासाठी भुकेल्यांना, छळ सोसणाऱ्यांना. शांत बसणाऱ्यांना त्याने धन्य म्हटलेले नाही. शांती घडवून आणणाऱ्यांना म्हटले आहे. हा भेद लहान दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. पुढे त्याच प्रवचनात आकाशातली पाखरे येतात आणि रानातली फुले येतात. राजा शलमोनाच्या वैभवापेक्षा रानफुलाचा पोशाख सुंदर, आणि ते फूल तर आज आहे व उद्या चुलीत जाणार आहे! टिळक हे फुलांचे आणि मुलांचे कवी. तर्काने त्यांच्यावर जितका परिणाम केला, त्याहून अधिक या रानफुलाने केला असावा, असे मला वाटते.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या प्रवचनाचा कळस शेवटी आहे. दोन घरांचा दृष्टांत आहे तो. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. आता लक्ष द्या: पाऊस दोन्ही घरांवर पडतो. पूर दोघांनाही येतो, वारा दोन्ही भिंतींवर आदळतो. खडकावर घर बांधणाऱ्याला कोरडे राहण्याचे आश्वासन कोठेही दिलेले नाही. आपल्याकडे अनेकदा धर्माचा विचार होतो तो आपत्ती टाळण्याचा उपाय म्हणून. नवस बोलावा, संकट टळावे. ख्रिस्ती लोकही याला अपवाद नाहीत. पण हे तीन अध्याय वाचून जो कोणी संकट टळण्याची अपेक्षा करील, त्याने शेवटच्या चार ओळी वाचलेल्या नाहीत असे म्हणावे लागेल.

टिळकांच्या घरावर हा पाऊस कोसळला तो त्या पुस्तकापायीच. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली सुरू झालेले मिशनचे पत्र. त्याच्या संपादकांशी त्यांनी नाव लपवून पत्रव्यवहार केला, बाबा पदमनजींचे लेखन वाचले. संशय पसरला, आश्रय गेला, आप्त दुरावले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही देशी पाळकाच्या हातून. टिळकांचे मन निवाले. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत, आणि त्यांच्या अभंगांची चाल पाहिली म्हणजे ते खरेच वाटते.

पण त्या दिवशी शांती मिळाली ती एकाला. त्या घरात दुसरेही एक माणूस होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे आणि कमालीच्या सोवळ्याचे. सत्तावन्नच्या बंडात आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, ते सारे घर त्यात पोळून निघाले. त्याची चित्रे ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभीच आहेत. बाराव्या वर्षाच्या आत लग्न. नवरा लहरी, घरात पीठ नाही म्हणून बाजारात पाठवावा, तर पैसे कोणाला तरी देऊन मोकळ्या हाताने परतणारा. पोटची मुले गेलेली. आणि आता कडेवर तीनचार वर्षांचा दत्तू असताना बातमी आली, की यजमान बाटले. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला या बातमीचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. नवरा धर्माबाहेर, म्हणून ती सवाष्णही धड नव्हे. नातलगांनी तिला पंढरपुरास आणून ठेवले. चारएक वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली.

येथे शास्त्राविषयी प्रामाणिकपणे बोलणाऱ्याला एक अवघड जागा टाळून चालणार नाही. त्याच मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो, की मी शांती नव्हे तर तरवार आणावयास आलो आहे, आणि माणसाचे वैरी त्याच्या घरचेच होतील. भाष्यकारांनी या वचनाला अनेक परींनी मऊ केले आहे. टिळकांच्या घराकडे पाहिले म्हणजे ते मऊ करण्याची गरज वाटत नाही; ते तेथे अक्षरशः घडले. एकाची शांती ही दुसऱ्याच्या उरावरचा धोंडा झाली. टिळकांचा गौरव करणारे लेखक या वर्षांवरून भरभर पुढे सरकतात. ते मला बरे वाटत नाही. या गोष्टीतले खरे धैर्य जर कोठे असेल, तर ते या वर्षांत आहे, आणि ते बहुतांशी टिळकांचे नाही.

मग त्या शास्त्रातल्या शांतीला अर्थ तो काय? येथे मला पौलाची आठवण होते. फिलिप्पै नावाचे शहर होते, मासेदोनियात. निवृत्त रोमी सैनिकांना जमिनी देऊन तेथे वसविलेले. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात कथा आहे, की याच शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना भर चौकात फटके मारून, पाय खोड्यात घालून आतल्या कोठडीत टाकले, आणि मध्यरात्री ते दोघे स्तोत्रे गात होते. काही वर्षांनी याच शहरातल्या मंडळीला पौलाने पत्र लिहिले, तेही पुन्हा एका तुरुंगातून. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो, की कशाचीही चिंता करीत बसू नका. बुद्धीला न आकळणारी देवाची शांती तुमच्या अंतःकरणांचे रक्षण करील. मूळ ग्रीक भाषेतले हे क्रियापद लष्करी आहे. ठाण्यावर शिपायांचा पहारा बसवितात, त्या अर्थाचे. सैनिकांच्या शहराला पहाऱ्यात असलेला कैदी हे लिहितो! रोमचे साम्राज्यही शांतीची ग्वाही देत होते. पण ती शांती म्हणजे विरोध करणारा कोणी उरला नाही अशी शांती. पौलाच्या शांतीच्या बाहेर शत्रू उभाच आहे, वेढा उठलेला नाही, फक्त आत पहारा जागा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो हेच निराळ्या रीतीने मांडतो: चोहोंकडून दाब आहे, तरी चिरडलो नाही, खाली पडलो, तरी संपलो नाही. संकट असताना मोडून न पडणे, एवढाच त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ आहे. हा अर्थ कोरडा वाटतो खरा, पण पंढरपुरात नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणाऱ्या बाईला गोड अर्थ देऊन तरी काय उपयोग झाला असता?

लक्ष्मीबाई शेवटी नवऱ्याजवळ राहावयास गेल्या त्या धर्म बदलून नव्हेत. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे शाबूत. टिळकांनीही आग्रह धरला नाही, हे त्यांच्या पदरी पुण्य म्हणून मांडले पाहिजे. अहमदनगर आणि राहुरीच्या त्या दिवसांत पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या प्रश्नावर विचार करता करता एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात आले, की या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत जसे भेद दिसतात तसे माणसांच्या देहावर दिसले असते. ही गाठ सुटली आणि मग बाकीच्या सुटत गेल्या. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. टिळक पुस्तकातून गेले, बाई पाण्याच्या घागरीवरून गेल्या. अक्षरओळखही त्यांना लग्नानंतर झालेली. शुद्धलेखन तर शेवटपर्यंत त्यांच्या वाटेला गेले नाही. म्हणूनच की काय, ‘स्मृतिचित्रां’त वचनांची उतरंड नाही, उपदेश नाही. शास्त्र तेथे दिसते ते केलेल्या कामात.

आणि काम लगेच समोर आले. १८९९-१९०० चा दुष्काळ हा आपल्या बाजूलाही विसरण्यासारखा नव्हता. खानदेश, नगर, गुजरात सारीच होरपळली. अनाथ मुले रस्त्यावर आली. टिळकांनी ती घरात आणावयास सुरुवात केली आणि त्यांचे मलमूत्र, खरूज, उवा, भूक हे सारे लक्ष्मीबाईंच्या अंगावर आले. ज्या घरात एके काळी सावली पडली म्हणून लुगडे धुवावे लागे, त्या घरातली लेक कोणत्याही जातीचे पोर मांडीवर घेऊन भरवू लागली. दुष्काळात मिशनने पोटासाठी धर्म विकत घेतला, असा आक्षेप तेव्हाही होता व आजही आहे, आणि काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु या घरापुरते पाहिले तर येथे घेण्यापेक्षा देणेच अधिक झाले. कारण या घरात उद्याच्या पिठाची खात्री कधीच नव्हती. पुढे नगरास प्लेगची साथ आली तेव्हा छावणीत आजाऱ्यांची शुश्रूषा करावयास ही बाई उभी राहिली. भीती वाटली नाही असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही. त्या शास्त्रातही धैर्याची कल्पना निर्भयपणाची नाही, हे आपल्या लक्षात असावे. गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या आदल्या घटकेला, खुद्द येशू व्याकुळ होऊन जमिनीवर पडतो आणि हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो. प्याला टळत नाही. मग तो उठतो आणि आपणहून पुढे चालत जातो. धैर्य म्हणावयाचे ते त्या उठण्याला.

आता आपल्या भागाकडे वळतो. १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि उत्साह होता टिळकांचा. ख्रिस्ती झाल्याला बारा वर्षे झाली होती, पण मराठी कवींनी त्यांना आपल्यातून वजा केले नव्हते. ही आपल्या जळगावकरांच्या रसिकतेला भूषणावह गोष्ट आहे. त्या सभेत धरणगावात जन्मलेला एक सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचे नाव. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले, आणि टिळकांनी त्याला पाहिले ते कायमचे. पुढे नगरला टिळकांच्या घरी हा मुलगा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला, त्याच्या खोड्या सोसल्या, त्याची बोलणी खाल्ली आणि त्याला ऐकविलीही. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि तसा व्हावा अशी अट त्या घरात नव्हती.

५ मे १९१८ रोजी हा बालकवी आपल्या या भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून गेला. अवघे अठ्ठावीसावे वर्ष चालू होते. आजही भुसावळच्या गाडीने भादलीवरून जाताना कवितेची आवड असलेला माणूस खिडकीबाहेर पाहतो.

अशा मरणापुढे शास्त्र काय सांगते? पुष्कळांची समजूत अशी, की ख्रिस्ती शास्त्र दुःखिताला रडू नको म्हणते. तसे नाही. त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी निखळ विलाप आहेत. देवा, तू कोठे आहेस, असे उघड विचारणारे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी जो आक्रोश आहे, तो बाविसाव्या स्तोत्राचाच आरंभ आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात, लाजर नावाच्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, असे एक अगदी लहान वाक्य आहे. पुढे काय घडावयाचे ते ठाऊक असूनही तो रडला. ज्या बाईने आधी पोटची मुले आणि मग हे मानलेले पोर गमावले, तिच्या दृष्टीने या लहान वाक्याचे मोल शंभर समजुतींहून जास्त असणार. लक्ष्मीबाईंनी ठोंबऱ्यांवर लिहिले आहे ते हसत हसत. पण ते वाचताना आपण मात्र हसत राहत नाही.

टिळकांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास एखाद्या संन्याशाप्रमाणे राहू लागले. ‘देवाचा दरबार’ नावाची एक मंडळी त्यांना उभारावयाची होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही जीत यावेत अशी. मिशनच्या मंडळींना ते रुचण्यासारखे नव्हतेच. उद्याची चिंता करू नका, हे वचन त्यांनी फार शब्दशः घेतले, आणि त्या उद्याची चिंता प्रत्येक वेळी बायकोला करावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ९ मे १९१९ रोजी, भादलीच्या अपघातानंतर वर्षाने, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

मागे काय उरले? थोडी देणी, पुष्कळ अभंग आणि एक अपुरा ग्रंथ. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत सांगावे, पोथीसारखे ते घराघरांत वाचले जावे, ही टिळकांची हौस होती. गोव्यात फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ रचून छापले त्याला १६१६ पासून तीनशे वर्षे झाली होती. टिळकांनी आपल्या ग्रंथाला ‘ख्रिस्तायन’ नाव दिले, पहिले दहाबारा अध्याय लिहिले, आणि ते गेले. पन्नाशीच्या विधवेपुढे संसार मांडावयाचा होता. लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर काम केले, मुलाबरोबर कराचीस जाऊन राहिल्या. आणि या धावपळीत त्यांनी नवऱ्याचा तो ग्रंथ पुढे लिहावयास घेतला. ज्या बाईला एके काळी या पुस्तकाने घराबाहेर काढले होते, तीच बाई आता मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या कथा ओवीत घालीत बसली. साठांहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. त्या ओव्या टिळकांच्या ओव्यांइतक्या घोटीव नाहीत, असे जाणकार म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण कथा पुढे नेण्याचे बळ तीत आहे, आणि स्वयंपाकघरातली मराठी आहे.

याच काळात मुलाच्या आग्रहावरून त्या आपल्या आठवणीही लिहीत होत्या. १९३४ ते १९३६ या वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत बाहेर आले. चौथा भाग अपुराच राहिला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्ताने लिहून पुरा केला, आणि १९३८ साली तो सबंध ग्रंथ छापून निघाला, बापाच्या ओव्या, आईच्या ओव्या आणि शेवटी मुलाच्या.